होकार, कौल आणि वहिवाट : पेडणे महालातील संमतीच्या शब्दांचा इतिहास

संमतीचा अर्थ सांगणारा शब्द मराठी कोशात शोधू गेल्यास एका दारातून दुसऱ्या दारात पाठविले जाण्याचा अनुभव येतो. संमती म्हणजे मान्यता, मान्यता म्हणजे कबुली, कबुली म्हणजे रुकार, आणि रुकार म्हणजे पुन्हा संमती. रूढीच्या कुळातील शब्दांचीही गत तीच. रूढी म्हणजे चाल, चाल म्हणजे रीत, रीत म्हणजे वहिवाट. शाळेत हे सर्व शब्द आपण समानार्थी म्हणून शिकवितो, आणि विद्यार्थी ते तसेच पाठ करतात. परंतु समान अर्थाचे दहा शब्द एका भाषेत शतकानुशतके नांदत असतील, तर त्यांनी आपापसांत कामे वाटून घेतलेली असली पाहिजेत. ती वाटणी कशी झाली हे पाहण्याचा येथे विचार आहे.

प्रथम एक गोष्ट नजरेस आणून द्यावीशी वाटते. आपल्या भाषेत संमतीचे देशी शब्द बहुधा तोंडाशी निगडित आहेत. होकार, हुंकार, वचन देणे, शब्द देणे, शब्दाला जागणे ही सारी उच्चाराची रूपे होत. उलट, सर्वांनी जसे वागावे तसे वागणे, म्हणजे ज्याला आपण रूढीस अनुसरणे म्हणतो, ते सांगणारे शब्द पायांशी निगडित आहेत. चाल ही चालण्यातून आली. रीती या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थ गती, ओघ असा आहे. वहिवाटीत वाट उघडच दिसते. पायंडा म्हणजे पावलांनी पडलेली पायवाट; म्हणून तो घातला जात नाही, पाडला जातो. माणूस संमती देतो ती बोलून, आणि रूढी पाळतो ती चालून. बोलणाऱ्याला क्षणभर थांबावे लागते, चालणाऱ्याला थांबण्याचे कारण पडत नाही. हा भेद आमच्या मते केवळ व्युत्पत्तीचा नाही. ज्या ज्या वेळी राजसत्तेने लोकांच्या वहिवाटीलाच त्यांची संमती समजण्याचा प्रयत्न केला, त्या त्या वेळी तो इतिहासात प्रत्यक्ष उतरलेला दिसतो.

या दृष्टीने पेडणे महालासारखा दुसरा प्रदेश क्वचितच सापडेल. गोव्याच्या उत्तर टोकाला, तेरेखोल आणि शापोरा या दोन नद्यांच्या दरम्यान असलेला हा लहानसा मुलूख सावंतवाडीकर भोसल्यांच्या अमलात होता. कोल्हापूरकरांशी चाललेल्या झगड्यात साहाय्य हवे म्हणून खेमसावंतांनी तो 1788 साली पोर्तुगीजांच्या हवाली केला. डिचोली आणि सत्तरी हे महाल त्याआधी, 1781-82 च्या सुमारास, पोर्तुगीजांकडे गेले होते. हे सर्व महाल नव्या काबिजादींत मोडू लागले. पेडण्यात घरची बोली कोंकणी, लिहिण्यावाचण्याची व देवळातील कथाकीर्तनाची भाषा मराठी, सरकारची भाषा आधी मोडी कागदांची मराठी व मग पोर्तुगीज, अशी तीन पदरांची स्थिती पावणेदोनशे वर्षे राहिली. मुलूख हवाली होताना तेथील रहिवाशांस कोणी विचारले नव्हते हे सांगावयास नको. त्या काळी तसे विचारण्याची रीत कोठेच नव्हती. पण राजाने न विचारलेली ही प्रजा आपापसांत मात्र पदोपदी विचारणारी होती.

पेडण्यात आणि त्याला लागून असलेल्या सावंतवाडीच्या मुलखात गावाचे कोणतेही सामुदायिक देवकार्य गाऱ्हाण्यावाचून सुरू होत नाही. देशावरच्या मराठीत गाऱ्हाणे म्हणजे तक्रार. येथे गाऱ्हाणे म्हणजे गावाच्या वतीने देवापुढे घातलेले मागणे. ज्याचा मान असेल तो उभा राहून देवाला उद्देशून एकेक वाक्य उच्चारतो, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी जमलेली मंडळी एका आवाजात ‘व्हय म्हाराजा’ असे म्हणतात. वरवर पाहता हा देवाला दिलेला होकार वाटतो. पण देवाने तर अद्याप काहीच विचारलेले नसते. बोलत असतो तो गावचा माणूस, आणि मंडळींचा होकार असतो तो त्याच्या बोलण्याला : हा जे बोलला ते आमचेच बोलणे, असे त्या दोन शब्दांनी देवाला कळविले जाते. म्हणजे ही प्रातिनिधित्वाला दिलेली संमती होय. आणि ती एकदाच देऊन टाकलेली नसते. वाक्यागणिक नव्याने मागितली जाते, वाक्यागणिक नव्याने दिली जाते. अलीकडच्या काळात प्रतिनिधीला पाच वर्षांची संमती एकदम देण्याची जी पद्धत आहे, तिच्याशी हे ताडून पाहण्यासारखे आहे.

अर्थात हाच होकार सवयीने म्हटला जाऊ लागला की त्याचा मूळ अर्थ झिजतो, हेही भाषेच्या लक्षात आले आहे. पुरोहिताने संकल्प सांगावा आणि यजमानाने अर्थ न समजता ‘मम’ म्हणावे, यावरून ‘मम म्हणणे’ हा वाक्प्रचार आला. कोणी तान घ्यावी व मागच्यांनी सूर धरावा, त्यावरून ‘री ओढणे’ आला. होयबा आणि नंदीबैल हे त्यांचेच भाऊबंद. गंमत अशी की हे सारे शब्द निंदाव्यंजक आहेत. उलट, एखाद्याने चालत आलेल्या वहिवाटीने चालावे यात मराठी भाषेला निंद्य असे फारसे काही वाटत नाही. न समजता चालणे भाषेने क्षम्य मानले. न समजता बोलणे मात्र हास्यास्पद ठरविले.

गाऱ्हाण्याच्या जोडीने येतो तो कौल. हा शब्द अरबी. त्याचा मूळ अर्थ उच्चार, बोलणे. (घराच्या छपरावरचे कौल वेगळे, त्याचा येथे संबंध नाही.) मराठेशाहीच्या कागदांत कौल म्हणजे सत्ताधीशाने दिलेले अभय किंवा आश्वासन. ओसाड पडलेली जमीन लावून घ्यावयाची असली, पळून गेलेली रयत परत आणावयाची असली, तर सरकार कौल देई. सारा अमुक वर्षे हलका घेतला जाईल, उपद्रव होणार नाही, असे त्यात लिहिलेले असे, आणि त्या लेखाला कौलनामा म्हणत. दक्षिण कोकणात आणि गोव्यात हाच शब्द देवळात शिरला. ओल्या पाकळ्या देवाच्या अंगावर चिकटवितात, प्रश्न घालतात, आणि कोणती पाकळी आधी पडते यावरून देवाचे उत्तर समजून घेतात. उजवीकडची पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार, असा सर्वसाधारण संकेत आहे. देवस्थानागणिक त्यात फेरफार असतो. राजाचा कौल आणि देवाचा कौल या दोहोंत दिशा एकच : वरून खाली. शब्द देणारा समर्थ, घेणारा आश्रित.

परंतु देवाच्या कौलात एक गोष्ट अशी आहे की जी राजाच्या कौलात नव्हती. येथे नकार मिळू शकतो, आणि तो मिळेल हे धरूनच प्रश्न विचारलेला असतो. जेथे नकाराला जागा नाही तेथे होकारालाही किंमत नाही, हे तत्त्व पाकळ्यांच्या या साध्या विधीत फार चांगले सांभाळलेले आहे. त्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. प्रश्न कोणी घालावा हे ठरलेले असे. तो मानकऱ्यांचा हक्क. ज्यांना सभामंडपात पाऊल टाकण्याची मुभा नव्हती त्यांचा प्रश्न पाकळीपर्यंत पोहोचतच नसे, आणि बायकांच्या प्रश्नांनाही तेथे बहुधा वाट नसे. मौन हे संमतीचे लक्षण या सुभाषितवजा वचनाचा आधार घेऊन आपण पुष्कळांची संमती गृहीत धरीत आलो. ज्याला बोलण्याची मनाई आहे त्याचे मौन कशाचे लक्षण, हा प्रश्न त्या वचनाने स्वतःला कधी विचारला नाही.

पेडण्याच्या पुनवेचा येथे उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. दसऱ्यानंतरच्या कोजागरीच्या रात्री रवळनाथ व भूतनाथ यांची तरंगे निघतात आणि हजारो लोक लोटतात. लोककथा अशी की, भूतनाथाला स्वतःचे देऊळ हवे आहे, तेही एका रात्रीत बांधलेले. ते झाले नाही म्हणून तो रुसून रानाची वाट धरतो. मग लोक त्याच्या मागे धावतात, देऊळ बांधून देतो असा शब्द देतात, आणि त्याची समजूत घालून त्याला माघारी आणतात. पुढच्या वर्षी तोच रुसवा, तोच शब्द. कोणी याला देवाची फसवणूक म्हणेल. आम्हांला मात्र त्यात करार या संस्थेची फार जुनी समज दिसते : दिलेला शब्द एकदा देऊन संपत नाही, ज्याला दिला त्याच्यासमोर उभे राहून तो दर वर्षी पुन्हा उच्चारावा लागतो. भूतनाथाशी झालेला हा करार पुरा झालेला नाही, पण मोडलेलाही नाही.

आता कागदांकडे वळू. सावंतवाडीच्या अमलातील न्यायव्यवहार इतर मराठी राज्यांप्रमाणेच चाले. तंटा गोतापुढे किंवा पंचांपुढे येई. त्या वेळच्या कागदांची नावे पाहिली म्हणजे संमतीचा विचार किती बारकाईने झाला होता हे ध्यानात येते. वादी-प्रतिवादी प्रथम राजीनामा लिहून देत. म्हणजे पंच जो निवाडा करतील तो आम्हांस मान्य होईल, आम्ही त्यांच्यापुढे उभे राहण्यास राजी आहोत, असे संमतिपत्र. त्याच्या पाठीशी जामीन असे. मग तकरिरा होत, साक्षी होत, निवाडा होई. आणि शेवटी हरलेल्या पक्षाकडून येजितखत लिहून घेतले जाई : माझा पक्ष खोटा ठरला, मला हे मान्य आहे, येथून पुढे मी भांडणार नाही. जिंकणाऱ्याला निवाडपत्र मिळे. पण पंचांचे समाधान तेवढ्याने होत नसे. हरणाराच्या हातचा कागद हाती आल्याखेरीज तंटा तुटला असे ते धरीत नसत. आरंभी एक संमती आणि शेवटी दुसरी, असा तो दुहेरी बंदोबस्त होता. या संमत्या दर वेळी खुशीच्या असत असे म्हणण्याइतके भोळे आम्ही नाही. दडपणाखाली लिहिलेले कागदही पुष्कळ असतील. तरीही हरणाराचा शब्द घेतल्यावाचून काम पुरे होत नाही, ही जाणीव मोलाची आहे.

राजीनामा या शब्दाचे पुढे काय झाले ते सर्वांस ठाऊक आहे. संमतिपत्र या अर्थाचा हा शब्द आज पद सोडल्याचे पत्र या अर्थी वापरतात. हा उलटफेर मधल्या एका पायरीने झाला असावा. मुंबई इलाख्याच्या जमीनमहसुलात खातेदार आपली जमीन सोडताना राजीनामा देई आणि ती घेणारा कबुलायत लिहून देई. राजीनामा-कबुलायत अशी जोडीच कारकुनांच्या तोंडी बसली होती. सोडण्यास राजी असल्याचा कागद, एवढ्यावरून तो सोडण्याचाच कागद झाला; जमिनीवरून नोकरीवर, नोकरीवरून मंत्रिपदावर गेला. राजीपणा मागे पडला आणि जाणे तेवढे उरले.

फारसी-अरबीतून आलेल्या या शब्दांत आणखी एक भेद पाहण्यासारखा आहे. कबूल म्हणजे स्वीकारलेले, करार म्हणजे स्थिर झालेले. पण मंजूर हा शब्द नजर या शब्दाच्या घरातला : मंजूर म्हणजे पाहिलेले, नजरेखालून गेलेले. म्हणून रयत कबूल करते आणि सरकार मंजूर करते. याची उलटापालट कोणत्याही कचेरीत चालावयाची नाही. संस्कृतातून आलेल्या संमती, अनुमती, मान्य या शब्दांचे मूळ मात्र मन् या धातूत, म्हणजे विचार करण्यात आहे. राज्यव्यवहारकोश सिद्ध करविणाऱ्या शिवाजी महाराजांच्या काळापासून परके शब्द घालवून संस्कृत शब्द रूढ करण्याचे प्रयत्न झाले. त्यांना यश आले तेथेही कबूल आणि संमत यांचा वास निराळाच राहिला. सातबाऱ्याच्या कामाला गेलेला माणूस ‘मला संमत आहे’ असे म्हणत नाही.

1788 नंतर पेडण्यात पोर्तुगीज अंमल आला. जुन्या काबिजादींत, म्हणजे तिसवाडी, बारदेश व साष्टी या भागांत, पोर्तुगीजांनी पूर्वीच एक धडा घेतला होता. तिसवाडीच्या गावकऱ्यांचे हक्क व चालीरीती नोंदविणारी सनद आफोंसु मेशिया याने 1526 साली तयार केली. गावकरीच्या सभेतील ठरावाला तेथे नेम असा शब्द आहे. तो आपल्या नियम या शब्दाचेच तद्भव रूप. या गावकरींच्या जुन्या वर्णनांत असे येते की, सभेतील एकट्या गावकाराने ‘नाका’ म्हटले तरी ठराव अडे. म्हणजे नेम हा शब्द त्या वेळी वरून लादलेल्या नियमाचा वाचक नव्हता. सर्वांच्या तोंडून होकार मिळाल्यावर जे ठरे ते नेम. आज नेम किंवा नियम म्हटल्यावर कोणी तरी दुसऱ्याने केलेली गोष्ट आपल्या डोळ्यांपुढे येते. एका शब्दाच्या अर्थात झालेला हा पालट एका संस्थेच्या ऱ्हासाचा इतिहास आहे असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

नव्या काबिजादींत धोरण निराळे होते. येथील बहुसंख्य प्रजा हिंदू राहिली, आणि तिच्या चालीरीतींना हात न लावण्याचे आश्वासन राज्यकर्त्यांनी दिले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास या चालीरीतींची संहिताच करण्यात आली, आणि ती पोर्तुगीज व मराठी अशा दोन्ही भाषांत 1861 साली नव्या गोव्याच्या सरकारी छापखान्यात छापली गेली. पुढे 1867 चा पोर्तुगीज मुलकी कायदा 18 नोव्हेंबर 1869 च्या फर्मानाने वसाहतींना लागू झाला आणि 1 जुलै 1870 पासून अमलात आला. त्यातही नव्या काबिजादींच्या चालीरीती, नीतीला व सार्वजनिक व्यवस्थेला विरोधी नसतील तेथवर, राखून ठेवल्या होत्या. 16 डिसेंबर 1880 च्या फर्मानाने गोव्यातील हिंदूंच्या चालीरीतींची संहिता निघाली.

हे सारे वरकरणी उदारच दिसते, आणि धर्मांतराच्या पूर्वीच्या इतिहासाशी तुलना करता ते उदार होतेही. पण शब्दांच्या दृष्टीने येथे एक मोठी गोष्ट घडली. वहिवाट ही पायांची गोष्ट होती. चालणारे जसजसे बदलतात तसतशी पायवाट नकळत थोडी इकडे, थोडी तिकडे सरकते. एखादा ओहोळ फुटला की तिला वळसा पडतो, एखादी सोयीची जागा सापडली की जुनी वाट गवताखाली जाते. तिला कलमांचे आकडे पडले म्हणजे ती सरकत नाही. ‘आमच्यात असे करतात’ या वाक्यातील ‘करतात’ हे क्रियापद रीतिवर्तमानाचे आहे. संहितेत गेल्यावर त्याचे ‘करावे’ असे विध्यर्थी रूप होते. लोक जे करीत आले ते त्यांना मान्य आहे असे सरकारने धरले, आणि मान्य आहे म्हणून पुढेही तसेच करणे भाग आहे असे ठरविले. चालण्याचे रूपांतर बोलण्यात झाले, आणि ते बोलणे मात्र लोकांचे नव्हते. शिवाय कोणती चाल नीतीला धरून आहे व कोणती नाही हे पाहण्याचा अधिकार सरकारने आपल्या हाती ठेवला. म्हणजे वहिवाट लोकांची आणि मंजुरी सरकारची. मंजूर हा डोळ्यांचा शब्द आहे, हे वर आलेच आहे.

19 डिसेंबर 1961 रोजी पोर्तुगीज सत्ता संपली. त्यानंतर पाचएक वर्षांनी पेडण्याच्या लोकांना त्यांच्या इतिहासात प्रथमच राज्याविषयी प्रश्न विचारला गेला : गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा की केंद्रशासित प्रदेश म्हणून राहावा? 16 जानेवारी 1967 रोजी झालेल्या या मतदानाला महाराष्ट्रात सार्वमत म्हणतात. गोव्यात त्याचे रूढ नाव जनमत कौल असे आहे. हे नाव आम्हांला अत्यंत अर्थपूर्ण वाटते. जो कौल आजवर राजाने रयतेला द्यावा किंवा देवाने भक्ताला द्यावा, तो आता रयतेने राज्याला दिला. शब्द तोच राहिला, दिशा फिरली. विलीनीकरणाची निशाणी फूल होती आणि केंद्रशासित प्रदेशाची दोन पाने. देवळात पाकळीकडे डोळे लावून बसण्याची पिढ्यान्‌पिढ्यांची सवय असलेल्या मतदारांच्या हाती फूल आणि पान याव्यात, हा निव्वळ योगायोग असेल. पण पेडण्याच्या माणसाला त्यात नवखे असे काहीच वाटले नसेल.

हा कौल निर्भेळ व्हावा म्हणून दयानंद बांदोडकर यांच्या मंत्रिमंडळाने डिसेंबर 1966 मध्ये आपली पदे सोडली. त्याला सर्वांनी राजीनामा म्हटले, ते आजच्या अर्थाने. परंतु निवाड्याआधी पक्षकाराने लिहून द्यावयाचा तो जुना राजीनामाही त्यात आपोआप साधला : आम्ही या निवाड्यापुढे उभे राहण्यास राजी आहोत. मतमोजणीत केंद्रशासित प्रदेशाच्या बाजूने 1,72,191 आणि विलीनीकरणाच्या बाजूने 1,38,170 मते पडली. अंतर 34,021 मतांचे. पेडणे महालाने मोठ्या बहुमताने फुलाला मत दिले होते. डिचोलीचा कलही तोच होता. त्यांच्या दृष्टीने कौल डावा पडला.

यानंतर पेडण्यात जे झाले त्याला कोणता शब्द लावावा? तो होकार नव्हता, कारण त्यांनी उलट मत दिले होते. ती वहिवाटही नव्हती, कारण असा प्रसंग पूर्वी कधी आलेलाच नव्हता. राजी तर ते नव्हतेच. मराठीच्या स्थानाविषयीची त्यांची खंत पुढे कित्येक वर्षे सभांतून आणि लेखांतून व्यक्त होत राहिली. तरीही त्यांनी निकाल पाळला. ‘मान्य’ हा शब्द येथे बसेल असे आम्हांस वाटते, तोही त्याच्या धातूतील अर्थाने : विचार करून, मनाविरुद्ध असले तरी मनात घेतलेले. जुन्या काळी अशा वेळी हरणाऱ्या पक्षाकडून येजितखत लिहून घेतले असते. येथे ते कोणी मागितले नाही आणि कोणी दिले नाही. दोन-सव्वादोन महिन्यांनी, मार्च 1967 मध्ये, विधानसभेची निवडणूक झाली, आणि कौलात हरलेल्या पक्षालाच गोव्याच्या मतदारांनी पुन्हा राज्यावर बसविले.